कर्झनचं नाव कुठंच नाही, तरी नाटकावर बंदी! नाटककार खाडिलकरांची कहाणी

कनेरगाव नाका (प्रतिनिधी) : आज २६ ऑगस्ट. नाटककार आणि पत्रकार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा स्मृतिदिन. १९४८ साली याच दिवशी ते गेले. पुण्या-मुंबईकडं नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की त्यांचं नाव निघतं. आपल्या भागात मात्र हे नाव शाळेच्या पुस्तकापुरतंच राहिलं. पण त्यांनी ज्या गोष्टीवर नाटक लिहिलं ती आपल्या गावागावात पाठ आहे. श्रावणात देवळात पांडवप्रतापाची पोथी लागते. त्यात विराटाचा दरबार येतो, सैरंध्री येते आणि कीचक येतो. भीमानं कीचकाला लोळवला तो भाग वाचताना पेंगलेली माणसंसुद्धा सावरून बसतात.

याच कीचकाच्या नाटकावर इंग्रज सरकारनं बंदी घातली होती. तोफा, फौज, तार, रेल्वे, कोर्ट, तुरुंग असं सगळं हाताशी असलेलं सरकार एका पौराणिक नाटकाला का बिचकलं? खाडिलकरांचं आयुष्य पाहिलं की याचं उत्तर मिळतं. म्हणून आज त्यांची ही माहिती वाचकांसाठी.

नाटकाच्या गावात जन्म

खाडिलकरांचा जन्म नोव्हेंबर १८७२ मधला, सांगलीचा. सांगली म्हणजे मराठी नाटकाचं माहेर. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तिथं 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो तो त्याचीच आठवण म्हणून. तो खेळ झाला तो सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. पुढं १८५१ ला राजेसाहेब वारले, आश्रय सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव खेळ करत पोट भरावं लागलं. म्हणजे मराठी नाटकाला सत्ता काय देते आणि सत्ता गेली की काय होतं, हे सुरुवातीलाच कळलं होतं. खाडिलकर जन्मले तेव्हा या गोष्टीला वीस-एक वर्षं झाली होती.

त्यांचं शालेय शिक्षण सांगलीत झालं आणि कॉलेज पुण्यात. १८९२ ला ते बी.ए. झाले. परत येऊन सांगलीच्या शाळेत काही काळ मास्तर होते. नाटक लिहायची ओढ तेव्हापासूनची. विशीतच त्यांनी 'सवाई माधवराव यांचा मृत्यू' हे ऐतिहासिक नाटक लिहिलं. पेशवा आहे, गादी आहे, पण कारभार नाना फडणविसांच्या हातात. अशा कोंडलेल्या तरुण पेशव्याचा १७९५ साली शनिवारवाड्यात वरून पडून शेवट झाला. त्या घटनेवर हे नाटक आहे. खाडिलकरांनी शेक्सपिअर बारकाईनं वाचला होता. त्यांच्या माधवरावात हॅम्लेट दिसतो आणि कपटी केशवशास्त्र्यात इयागो दिसतो, असं जाणकार सांगतात. आपल्यासाठी लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की खुर्चीवर बसलेला एक आणि हुकूम चालवणारा दुसरा, हा विषय त्यांनी अगदी पहिल्यापासून धरला होता.

टिळकांचा माणूस

१८९७ च्या सुमारास खाडिलकर 'केसरी'त आले आणि लोकमान्य टिळकांचे अगदी जवळचे सहकारी झाले. अग्रलेख लिहिणं, छापखाना सांभाळणं, टिळक तुरुंगात किंवा दौऱ्यावर असले की कागद चालू ठेवणं, हे काम. लिहिण्यापुरतं त्यांचं काम नव्हतं. १९०० नंतर काही काळ ते नेपाळात जाऊन राहिले. लोकांना दाखवायला कौलांचा कारखाना, आणि खरा बेत बंदुका तयार करायचा. तो बेत तडीस गेला नाही आणि ते परत आले.

तेवढ्यात देशात वारं फिरलं. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झननं १९०५ साली बंगालची फाळणी केली. लोक भडकले. विलायती मालावर बहिष्कार, स्वदेशी, सभा, मिरवणुका सुरू झाल्या. काँग्रेसमध्ये दोन तट पडले. अर्ज-विनंत्या करून हळूहळू मिळवू म्हणणारे ते मवाळ आणि आता सोसायचं नाही म्हणणारे ते जहाल. टिळक जहालांचे पुढारी, आणि खाडिलकर त्यांच्याच बाजूचे.

आता जे मनात आहे ते पेपरात सरळ लिहिलं तर राजद्रोह लागणार. टिळकांना १८९७ ला एकदा त्या कलमाखाली शिक्षा झालेलीच होती. शिवाय पेपर वाचायचा तर अक्षरओळख पाहिजे, आणि त्या काळी शंभरातल्या नव्वदाहून जास्त माणसांना वाचता येत नव्हतं. नाटकाला अक्षरओळख लागत नाही, डोळे आणि कान असले की झालं.

'कीचकवध'

१९०७ साली 'कीचकवध' रंगमंचावर आलं. महाराष्ट्र नाटक मंडळीनं ते केलं. गाणी नसलेलं, गद्य नाटक. गोष्ट आपल्याला माहीत असलेलीच. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी वेष बदलून राहिलेत. धर्मराज कंकभट झालाय, भीम बल्लव नावाचा आचारी झालाय, द्रौपदी सैरंध्री नावानं राणीची दासी आहे. राणीचा भाऊ कीचक हा सेनापती. राजा नावाला, सगळा जोर कीचकाचा. त्याची नजर सैरंध्रीवर जाते. ती न्याय मागत दरबारात येते आणि भर दरबारात तिचा अपमान होतो. कंकभट सगळं बघतो आणि धीर धर, सहन कर म्हणतो. बल्लवाला ते सोसत नाही. शेवटी तो रात्री कीचकाला गाठतो आणि संपवतो.

नाटकात कर्झनचं नाव नाही, इंग्रज नाही, बंगाल नाही. तरी पडदा वर गेला की बसलेल्या माणसाला सगळं समजायचं. उद्दाम कीचक म्हणजे कर्झन, विटंबना होणारी सैरंध्री म्हणजे भारतमाता, थांबा-थांबा म्हणणारा कंकभट म्हणजे मवाळ आणि दात-ओठ खाणारा बल्लव म्हणजे जहाल. हे समजावून सांगायला भाषण लागलं नाही, कारण गोष्ट लहानपणापासून अंगात भिनलेली होती. कीचक वाईट आहे हे कोणाला पटवायचं नव्हतं. आजचा कीचक कोण एवढंच प्रत्येकानं मनात लावायचं होतं.

दक्षिणेत ठिकठिकाणी खेळ झाले आणि गर्दी लोटली. पार लंडनच्या 'टाइम्स'नं १९१० च्या जानेवारीत या नाटकावर मोठा मजकूर छापला. नाटकात कर्झनचा उल्लेख नसला तरी थिएटरातला प्रत्येक माणूस कीचक म्हणजे कोण हे ओळखतो, असं त्यात म्हटलं होतं. खेळ बघताना पुरुषांच्या चेहऱ्यावर कसा राग दाटतो आणि बायांच्या डोळ्यांत कसं पाणी येतं, याचंही वर्णन त्यात होतं.

नाशिकची गोळी आणि १८७६ चा कायदा

खेळ १९०७ पासून चालू होते. मग बंदी १९१० मध्येच का? मधल्या काळात बरंच घडलं. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेला नेलं. मागं 'केसरी'चा भार खाडिलकरांवर आला. मग २१ डिसेंबर १९०९ ची रात्र. नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी 'शारदा' नाटकाचा खेळ ठेवला होता. तिथंच अनंत कान्हेरे या कोवळ्या पोरानं जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्याला आणि त्याच्या दोन साथीदारांना पुढच्या एप्रिलमध्ये फाशी झाली. गोळी नाटकाच्या थिएटरात चालली, त्यामुळं सरकारचं लक्ष साहजिकच नाटकांकडं वळलं. 'शारदा' हे जरठ-कुमारी विवाहावरचं नाटक, त्याचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता. पण 'कीचकवध' मात्र सरकारच्या डोळ्यांत खुपत होतं. १९१० च्या सुरुवातीलाच मुंबई सरकारनं त्यावर बंदी घातली.

यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा तयारच होता. सरकारविरुद्ध अप्रीती वाढेल असं वाटलं की खेळ थांबवायचा अधिकार त्यात होता. त्यातली एक गोष्ट आजच्या वाचकांना माहीत नसेल. बंदीनंतर खेळ केला तर शिक्षा फक्त नटाला नव्हती. खेळाला मदत करणारा, जागा देणारा घरमालक, आणि बंदी आहे हे माहीत असून मुद्दाम बघायला बसलेला प्रेक्षक, या सगळ्यांना तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकत होता. म्हणजे नाटक बघणं हासुद्धा गुन्हा.

आता गंमत बघा. नाटकात कर्झनचं नाव नाही. मग सरकारनं कोणत्या आधारावर बंदी घातली? कीचक म्हणजे आमचाच माणूस, हे सरकारनं आधी मनात मान्य केलं, तेव्हाच बंदी घालता आली. खाडिलकरांनी जे नाव लिहिलं नव्हतं ते सरकारनं आपल्या हातानं लिहून दिलं. ज्यांनी नाटक पाहिलं नव्हतं त्यांनाही बंदीमुळं कळलं की कीचक कोण.

पण खरं सांगायचं तर सरकारची भीती अगदीच खोटी नव्हती. नाटकात भीम बरोबर आणि कंकभट चूक, असाच कौल होता. कीचकाचा शेवट बळानंच होतो. खाडिलकर त्या काळात त्याच विचाराचे होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्यामुळं हे साधं भक्तीचं नाटक होतं आणि सरकारनं उगाच त्रास दिला, असं म्हणणं म्हणजे खाडिलकरांनाच लहान करणं आहे. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी म्हटलं, आणि सरकारला ते बरोबर ऐकू गेलं.

'भाऊबंदकी' आणि रामशास्त्री

'कीचकवध'ला बंदी यायच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९०९ ला, खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' हे ऐतिहासिक नाटक आलं. आपल्याकडं भाऊबंदकी म्हटलं की बांध कोरणं, वाटणीपत्र, विहिरीच्या पाळीवरून कोर्ट, हे डोळ्यापुढं येतं. पेशव्यांच्या वाड्यातली भाऊबंदकी तीच, फक्त तिथं एकरभर जमिनीऐवजी राज्य होतं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. सख्खा चुलता रघुनाथराव, त्याची बायको आनंदीबाई आणि ध चा मा केल्याची कथा सगळ्यांना माहीत आहे.

पण या नाटकात बघणाऱ्याच्या मनात ठसतो तो रामशास्त्री प्रभुणे. हातात फौज नाही, खजिना नाही. न्यायाधीश म्हणून नेमलेला माणूस, तोही त्याच दरबाराचा चाकर. तरी तो राघोबाला तोंडावर गुन्हेगार ठरवतो आणि पद सोडून निघून जातो. हे नाटक लोक बघत होते तेव्हा इंग्रजांच्या कोर्टानं दिलेल्या शिक्षेवर टिळक मंडालेत होते. न्यायाधीश कसा असतो आणि कसा असावा, याची तुलना प्रेक्षकांच्या मनात आपोआप होत असणार. नाटककारानं फक्त जुना इतिहास मांडला होता.

बंदीनंतर गाणं आलं

बंदीनंतर खाडिलकर गप्प बसले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी वाट बदलली, लिहिणं सोडलं नाही. १२ मार्च १९११ ला 'संगीत मानापमान' आलं. किर्लोस्कर मंडळीनं केलं, गोविंदराव टेंबे यांचं संगीत, आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. पहिल्या खेळाच्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती, तरी त्यांनी तो खेळ केला. पुढं 'विद्याहरण' आलं, १९१६ ला 'स्वयंवर' आलं. त्याला भास्करबुवा बखले यांचं संगीत होतं. आज रेडिओवर किंवा मोबाइलवर जुनं नाट्यसंगीत लागतं त्यातला मोठा वाटा या नाटकांचा आहे.

वरवर पाहता ही राजकारणाबाहेरची नाटकं. पण नीट बघितलं तर जुनाच माणूस बोलतोय. 'मानापमान'मध्ये गरीब पण शूर धैर्यधर आहे आणि श्रीमंत पण भित्रा लक्ष्मीधर आहे. श्रीमंताची लेक भामिनी पैशाच्या तोऱ्यात धैर्यधराचा अपमान करते आणि पुढं तिलाच त्याची किंमत कळते. 'विद्याहरण'मध्ये दारूमुळं शहाण्या शुक्राचार्याचं कसं नुकसान होतं ते आहे.

पुढं याच 'मानापमान'चा एक खेळ थेट स्वराज्याच्या कामी आला. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं. एका बाजूला बालगंधर्व, दुसऱ्या बाजूला ललितकलादर्शचे केशवराव भोसले. एरवी या दोन कंपन्यांची चुरस. पण त्या रात्री दोघे एका रंगमंचावर आले आणि पैसे टिळक स्वराज्य फंडाला दिले. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव वारले. तशी जोडी लोकांना परत बघायला मिळाली नाही.

टिळकांनंतर

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. त्यानंतर गांधीजींच्या असहकाराचा प्रश्न आला. टिळकांच्या जवळच्या बऱ्याच जणांना गांधींचा मार्ग पटला नाही. खाडिलकर मात्र गांधींच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यासाठी 'केसरी' सोडला. ज्यानं रंगमंचावर भीमाच्या गदेची बाजू घेतली तोच माणूस पुढं अहिंसेच्या चळवळीमागं गेला, हे अनेकांना नवल वाटलं. पण अन्याय सोसायचा नाही, हा मूळ मुद्दा त्यांनी दोन्हीकडं सोडला नव्हता.

१९२३ साली त्यांनी मुंबईत 'नवाकाळ' हे दैनिक सुरू केलं. सरकारची नजर तिथंही होतीच. १९२९ ला राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. तेव्हा त्यांचं वय ५६ होतं. म्हणजे नाटकावर बंदी तिशी-चाळिशीत आणि स्वतः तुरुंगात पन्नाशीनंतर. सुटून आल्यावर त्यांचं मन अध्यात्माकडं वळलं, उपनिषदांवर त्यांनी लिखाण केलं. १९३३ ला नागपूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 'कीचकवध'वरची बंदीही मधल्या काळात उठली होती.

देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला. पण २६ ऑगस्ट १९४८ ला ते गेले तेव्हा आपला हिंगोलीचा भाग अजून निजामाच्याच राज्यात होता. कनेरगावच्या अलीकडं निजामी, पलीकडं वाशीमकडं स्वतंत्र भारत, अशी त्या दिवसांतली अवस्था. इकडं साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागायची. गश्ती निशाण ५३ हे नाव मुक्तिसंग्रामाच्या आठवणीत येतं ते त्यामुळंच. खाडिलकर गेल्यावर २२ दिवसांनी, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मोकळा झाला.

आज आपल्याला याचं काय

१८७६ चा तो कायदा इंग्रज गेल्यावरही कागदावर तसाच होता. संसदेनं तो रद्द केला तो अगदी अलीकडं, जुने कायदे काढून टाकण्याच्या कामात. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते.

गावपातळीवर यापेक्षा वेगळी अडचण आहे. पूर्वी गणपतीत, जत्रेत पोरं नाटक बसवायची, सोंगं काढायची, भारुडातून गावाच्या कारभाराला चिमटे काढायची. आता वर्गणीचा मोठा हिस्सा डीजेवर जातो. आणि चार पोरांनी पीक विम्यावर किंवा रस्त्याच्या कामावर नक्कल केलीच, तर दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी फोन येतो, की आमच्यावर होतं का ते. नक्कल करताना नाव घेतलेलं नसतं. फोन करणाऱ्यानं स्वतःच स्वतःला ओळखलेलं असतं. १९१० ला मुंबई सरकारचं जे झालं तेच हे, फक्त गावाच्या मापाचं.

अशा वेळी पोरांनी घाबरून नक्कल बंद करू नये आणि पुढाऱ्यांनीही रागावू नये. ज्याच्यावर गाव हसतं त्याला आपलं काम सुधारायची संधी असते. रामशास्त्र्यासारखा माणूस प्रत्येक गावाला मिळत नाही. पण दोन तासांचं नाटक बसवणं कोणत्याही गावाला जमतं. त्याला खर्च डीजेपेक्षा कमी आणि तयारीला पंधरा दिवस पुरतात.

गणपती जवळ आलेत. या वर्षी एखाद्या मंडळानं विराटाच्या दरबाराचा प्रवेश बसवला तर म्हातारी माणसं हमखास बघायला येतील. लेकरांना तेव्हा एवढं जरूर सांगा, की ही गोष्ट सांगितली म्हणून एकेकाळी सरकारनं बंदी घातली होती आणि ती लिहिणाऱ्या माणसाचं नाव कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर होतं.

स्मृतिदिनानिमित्त त्यांना विनम्र अभिवादन.